टॅबला वायफाय लागत नाही, लागलं तर नेट येत नाही: नेमकं कुठं अडतंय ते असं शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलीच्या अभ्यासाला टॅब घेतला, घरात फायबरचं कनेक्शन आहे, तुमच्या आणि मिस्टरांच्या फोनवर नेट झकास चालतं, टॅबवर मात्र कधी वायफायचं नावच दिसत नाही, कधी "कनेक्टेड, नो इंटरनेट" येतं आणि कधी अर्धा तास चालून आपोआप तुटतं. दुकानदार म्हणतो नेटवाल्याला विचारा, नेटवाला म्हणतो फोन चालतायत ना, मग टॅबच खराब. ही टोलवाटोलवी मी साताऱ्यात गेली सतरा-अठरा वर्षं बघतोय, त्यातली काही वर्षं मी स्वतःच तो टोलवणारा नेटवाला होतो, त्यामुळं दोन्ही बाजूंची सोंगं मला पाठ आहेत.

सगळ्यात आधी एक काम करा. दोन्ही फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि मग यूट्यूब लावून बघा. हसू नका, दहातल्या तीन-चार घरी गोष्ट इथंच उलगडते. आजकालचा फोन लबाड असतो, वायफायला नेट नाही असं दिसलं की गुपचूप सिमच्या डेटावर जातो, वर वायफायचं चिन्ह तसंच राहतं आणि आपल्याला वाटतं वायफाय जोरात चाललंय. टॅबमधे सिम नाही, त्याला पळवाट नाही, तो बिचारा खरं सांगतो की नेट नाहीये. मग शिव्या खातो टॅब. एका ठिकाणी तर रिचार्ज संपून चार दिवस झाले होते, घरात पाच फोन, कुणालाच पत्ता नाही, टॅब तेवढा दोनदा दुकानात जाऊन आला होता.

डेटा बंद केल्यावर फोनवरचं पण नेट गेलं तर टॅबचा विषय तिथंच संपला. मग राउटरच्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे फायबर कुठंतरी तुटलीय किंवा वाकलीय. मागची पिवळी बारीक वायर कपाटाच्या मागं चेपली नाहीये ना, उंदरानं कुरतडली नाहीये ना ते बघा, पण ती काढून तिच्या टोकात डोकावू नका, त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही पण असतो. लाल दिवा नसेल आणि तरी नेट नसेल तर रिचार्ज, नाहीतर त्यांच्याकडची अडचण. फोन करताना "एलओएस लाल आहे" असं सांगितलंत की पलीकडचा माणूस सावरून बसतो, "नेट बंद आहे" म्हटलं की तो सांगणार राउटर बंद करून चालू करा.

फोन वायफायवर खरंच चालतोय असं दिसलं तर दुसरी परीक्षा. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा, सेटिंगमधे बँड (वायफायच्या लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झ ठेवा आणि टॅब त्याला जोडा. पाच मिनिटं चाललं की टॅबचं वायफाय जिवंत आहे हे कळलं, आता भांडण तुमचा राउटर आणि तुमचा टॅब या दोघांतलंच आहे. फक्त त्या पाच मिनिटांत टॅब प्ले स्टोअरवरून वीस ॲप अपडेट करायला बसत नाही ना तेवढं बघा, नाहीतर दिवसाचा डेटा तिथंच संपायचा.

आता पुढचं सगळं राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून करा. आतल्या खोलीत बसून नाही, अगदी डब्याला चिकटून पण नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक काय करतात, राउटर रिसेट, टॅब रिसेट, नवीन पासवर्ड, सगळं एकाच संध्याकाळी करतात, मग चाललं तरी कशानं चाललं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

वायफाय लागण्याच्या चार पायऱ्या असतात. नाव दिसणं, पासवर्ड पटणं, राउटरकडून आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला टॅबचा पत्ता) मिळणं आणि मग बाहेरचं नेट येणं. टॅब कुठल्या पायरीवर अडखळतोय ते त्याच्या स्क्रीनवरच लिहून येतं, आपण वाचत नाही एवढंच.

नावच दिसत नाही ही पहिली. तुमच्या राउटरला बहुतेक दोन बँड असतील, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्तातल्या बऱ्याच टॅबना ५ दिसतच नाही. टॅबच्या खोक्यावर वायफायपुढं काय अक्षरं आहेत बघा, नुसतं बी/जी/एन असेल तर फक्त २.४ धरून चाला, सुरवातीला ए किंवा शेवटी एसी, एएक्स असेल तर ५ पण चालतं. तुमचे फोन ५ वर बसलेत आणि राउटरचं २.४ कुणीतरी बंद करून ठेवलंय असं असेल तर फोन धावणार आणि टॅबला काहीच दिसणार नाही. नेटवाल्याचं पोरगं "फास्ट करून देतो" म्हणून २.४ बंद करून जातं, हे मी दोन-तीनदा तरी बघितलंय.

कधी दिसतं, कधी नाही, असं असेल तर चॅनल बघायचा, म्हणजे बँडमधली कुठली गल्ली राउटरनं धरलीय ते. आपल्याकडं २.४ मधे १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत १ ते ११ च वापरतात. पेठेतल्या एका आजींना मुलानं न्यू जर्सीवरून टॅब पाठवला होता, नातवाशी बोलायला. शेजाऱ्यांची सगळी वायफाय त्यात दिसायची, स्वतःच्या घरचं दिसायचं नाही. लाइट जाऊन आली की एखाद दिवशी दिसायचं, परत गायब. आजी म्हणायच्या माझ्या घरावरच रुसलाय. मी तासभर डोकं खाजवलं आणि मग राउटर उघडून बघतो तर चॅनल ऑटोवर आणि तो बसलाय १३ वर. तिकडच्या टॅबला १३ हा चॅनल ऐकायलाच येत नव्हता. लाइट गेल्यावर राउटर कधी ६ वर बसायचा तेव्हा आजींचं नशीब उघडायचं. ऑटो काढून ६ केला, चहा प्यायलो, विषय संपला. २.४ मधे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यातलाच एक कायम ठेवा.

५ मधे पण अशीच एक गंमत आहे. ५२ ते १४४ पर्यंतचे चॅनल रडारसाठी पण वापरतात, म्हणून त्यातल्या चॅनलवर सुरू होताना राउटरला आधी कमीत कमी मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं, मग तो नाव दाखवतो. आणि बरेच टॅब या चॅनलवर नीट जोडत पण नाहीत. त्यामुळं ५ साठी ३६ ते ४८ मधला एखादा ठेवा, कटकट नाही.

हे बदलायचं कुठं, तर फोनच्या ब्राउझरमधे राउटरचा पत्ता टाकायचा, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, लॉगिन पण तिथंच. पत्ता मात्र इंग्रजी आकड्यांत टाकायचा. आत गेलात की अजून एक काम उरकून घ्या, दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या, घराचं नाव आणि पुढं २ आणि ५. एकच नाव ठेवून राउटरनं ठरवायचं ही सोय चांगल्या फोनसाठी ठीक आहे, साधा टॅब मात्र या बँडवरून त्या बँडवर उड्या मारत बसतो आणि प्रत्येक उडीला क्लास अडकतो. तुमचं अर्ध्या तासानं तुटणं यातलंच असू शकतं.

दुसरी पायरी पासवर्ड. "ऑथेंटिकेशन एरर" किंवा नुसतंच "सेव्हड" येऊन थांबलं तर इथं अडलंय. तुम्ही म्हणाल पासवर्ड बरोबरच टाकला. तो दिसतो का ते आधी बघा, डोळ्याच्या चिन्हावर दाबून. आपल्याकडं कीबोर्ड मराठीत असला की कधीकधी आकडे १२३ असे देवनागरीत पडतात आणि राउटरला ते कळत नाहीत, आणि ठिपके झाकलेले असल्यामुळं आपल्याला पण कळत नाहीत. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होणं आहेच. व्हॉट्सॲपवरून कॉपी केला तर शेवटी एक स्पेस चिकटून येते. स्टिकरवरचा असेल तर कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा, तिघंही सारखेच दिसतात. सगळ्यात सोपं म्हणजे ज्या फोनवर वायफाय चालतंय त्यावर त्या नेटवर्कमधे जाऊन शेअर दाबा, क्यूआर कोड येतो, टॅबच्या वायफायच्या पानावर स्कॅनचं चिन्ह असतं त्यातून स्कॅन करा. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे. टायपिंगच नको.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आणि तरी घेत नाही, तर राउटरची सिक्युरिटी बघा. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ मधे आला आणि अँड्रॉइडमधे १० व्या व्हर्जनपासून, त्याच्या आधीचा टॅब नुसत्या डब्ल्यूपीए३ वर कधीच जोडणार नाही. तुमचा टॅब नवीन म्हणताय पण दुकानात नवीन म्हणून जुनंच व्हर्जन घातलेले टॅब सर्रास विकतात, सेटिंगमधे अबाउट टॅबलेटमधे बघून घ्या. राउटरवर डब्ल्यूपीए२, एईएस असं ठेवा. टीकेआयपी असलेलं काही ठेवू नका, ते जुनं आहे आणि त्यावर स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. बदल केला की टॅबवर ते नेटवर्क फर्गेट करून नव्यानं जोडा, जुनं सेव्ह केलेलं तसंच ठेवलं तर तो जुन्याच हट्टावर राहतो.

तिसरी पायरी लोकांना माहितीच नसते. "ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस" असं येऊन चक्र फिरत राहतं आणि परत डिसकनेक्ट. याचा अर्थ पासवर्ड पटला, दारातून आत घेतलं, पण बसायला पान नाही. पान म्हणजे पंगतीतलं पान. राउटरकडं ठरावीक पत्ते असतात, समजा पन्नास मांडलेत, आणि एकदा कुणी पानावर बसला की तो जेवून गेला तरी चोवीस तास ते पान त्याच्या नावावर. एका क्लासमधे हेच झालं होतं, सकाळच्या बॅचला सगळं छान, संध्याकाळच्या बॅचला टॅब लागत नाहीत. सरांची खात्री की संध्याकाळी नेटवाला स्पीड कमी करतो. सकाळची पोरं टॅब आणि फोन दोन्ही जोडून पन्नासच्या पन्नास पानं अडवून घरी गेली होती! लीज टाइम, म्हणजे पान नावावर राहायची मुदत, दोन तासांवर आणला, पत्ते दोनशे केले, संध्याकाळची बॅच जेवायला बसली. घरी एवढी माणसं नसतात पण टीव्ही, कॅमेरे, पाहुण्यांचे फोन धरून काही राउटर पंधरा-वीसलाच मान टाकतात. आयपॅड असेल तर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसतो का बघा, दिसला तर त्याला राउटरनं पान दिलंच नाही, त्यानं आपलं आपण मांडून घेतलंय.

याच पायरीवर अजून दोन चोर लपतात. एक म्हणजे कुणीतरी टॅबवर आयपी सेटिंग स्टॅटिक (हातानं भरलेला पत्ता) करून ठेवलेलं, ते डीएचसीपी (राउटर देईल तो पत्ता) करायचं. दुसरा चोर नवा आहे. अँड्रॉइड १० आणि आयपॅडच्या १४ व्या व्हर्जनपासून टॅब स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, सांगतच नाही, प्रत्येक नेटवर्कला बनावट सांगतो, प्रायव्हसीसाठी. हॉस्टेल, ऑफिस, सोसायटी जिथं मॅक नोंदवून घेतात तिथं तुम्ही अबाउटमधला खरा मॅक लिहून देता आणि टॅब दुसराच सांगतो, मग कोण आत घेणार. त्या नेटवर्कच्या सेटिंगमधे प्रायव्हसीत यूज डिव्हाइस मॅक करा. तुमच्या राउटरवर मॅक फिल्टर लावून "शेजारी वापरू नये" असा बंदोबस्त कुणी केला असेल तर तो काढाच, त्यापेक्षा पासवर्ड बदलून लांबलचक ठेवा.

चौथी पायरी, तुमचं ते "कनेक्टेड, नो इंटरनेट". टॅब हे कसं ठरवतो ते कळलं की अर्धं कोडं सुटतं. अँड्रॉइड टॅब जोडल्या जोडल्या गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी हाक मारतो, तिकडून २०४ असा रिकामा निरोप आला तर नेट आहे, नाही आला किंवा भलतंच पान आलं तर नेट नाही किंवा लॉगिन हवंय. आयपॅड ॲपलच्या पानावर "सक्सेस" हा शब्द शोधतो. म्हणजे तो संदेश बरेचदा "नेट मेलंय" असं सांगत नसतो, "माझ्या हाकेला ओ आली नाही" असं सांगत असतो. ओ न येण्याची कारणं टॅबच्या आतच असू शकतात.

पहिलं तपासायचं ते प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय. कनेक्शनच्या सेटिंगमधे असतं, अँड्रॉइड ९ पासून आलंय. पोरं जाहिराती घालवायला व्हिडिओ बघून तिथं कसलंतरी नाव टाकतात, ते नाव एका नेटवर चालतं, दुसऱ्यावर चालत नाही, किंवा टाइप करताना एक टिंब चुकतं आणि सगळं ठप्प. ऑफ किंवा ऑटोमॅटिक करा. टॅबमधे व्हीपीएन (नेट दुसरीकडून फिरवून आणणारं ॲप) असेल तर तोही काढा.

दुसरं, तारीख. हे मी कधी विसरणार नाही. एका ओळखीच्यांचा टॅब, वायफाय पूर्ण काड्या, पण एकही पान उघडेना, जिथं जावं तिथं "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट". घरच्यांना वाटलं हॅक झालाय, आईनं तर तो कपाटात कुलपात ठेवला होता. मी वरच्या कोपऱ्यात बघितलं तर टॅबमधे साल दोन वर्षं पुढचं. धाकट्यानं एका गेममधे फुकट लाइफ मिळवायला तारीख पुढं ढकलली होती, ऑटोमॅटिक टाइम बंद करून. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते, टॅबच्या मते सगळ्या जगाची मुदत संपलेली. तारीख ऑटोमॅटिक केली, दहा सेकंदांत सगळं सुरू. धाकटा दाराआडून बघत होता.

तारीख बरोबर आहे आणि तरी सर्टिफिकेटची कुरकुर, काही साइट चालतात आणि काही नाही, तर टॅब फार जुना आहे. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या टॅबमधे लेट्स एन्क्रिप्टचं (साइटना फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) नवं मूळ सर्टिफिकेट नाही, आणि जुन्याच्या आधारावर जे चाललं होतं ते सप्टेंबर २०२४ अखेर संपलं. लाखो साइट तेच वापरतात. याला राउटर बदलून काही होत नाही, नेटवाला बदलून तर नाहीच. भावाचा जुना टॅब मुलीला दिला अशा घरात हेच निघतं.

तिसरं, राउटरमधलं पेरेंटल कंट्रोल. अभ्यासाच्या वेळा लावून आपणच विसरलेलो असतो, ठरलेल्या वेळी टॅबचं नेट बंद आणि फोनचं चालू. रोज ठरावीक वेळीच जात असेल तर आधी हे बघा. शाळेनं किंवा क्लासनं दिलेला टॅब असेल तर त्यात त्यांचं कंट्रोल ॲप असतं, त्यात काय अडवायचं ते तेच ठरवतात, घरी बसून डोकं आपटून उपयोग नाही, त्यांनाच विचारा.

आता अर्ध्या तासानं तुटण्याबद्दल. टॅबची बॅटरी सेव्हर बंद करून बघा, स्क्रीन बंद झाली की वायफाय तोडायची सवय बऱ्याच स्वस्त टॅबना असते. ते करून फरक नाही पडला तर माझा संशय कायम राउटरच्या अडॅप्टरवर. काळा छोटा डबा, त्याच्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, तीन-चार वर्षं उन्हाळ्या-पावसाळ्यात, लाइटच्या चढउतारात तापून तापून मऊ झालेला असतो. राउटर निवांत असतो तोवर दिवे सगळे हिरवे, घरात चार जण व्हिडिओ बघायला लागले की व्होल्टेज खाली बसतं, वायफाय दोन सेकंद जातं आणि परत येतं. फोन डेटावर जातो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, टॅबवरचा क्लास तेवढा तुटतो. त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावून दोन दिवस बघा. व्होल्टेज मात्र तेच हवं, ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावून जाळलेले राउटर माझ्या दुकानात माळ्यावर पोतंभर आहेत. लाइट जात असेल तर छोटा डीसी यूपीएस घ्या, इन्व्हर्टर असला तरी, कारण लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यानं पण काही राउटर रिस्टार्ट होतात आणि मग फायबर परत जुळायला दोन-तीन मिनिटं.

भिंतींचं म्हणाल तर आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती आहेत, त्यातून ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीत गारद होतं, २.४ कसंबसं दुसऱ्या खोलीत पोचतं. तुमचा फ्लॅट असेल तर भिंतींपेक्षा लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी हे जास्त अडवतात, मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ चं हालच. राउटर दारामागं, टीव्हीच्या पाठीमागं, कपाटावर आडवा टाकलेला असेल तर आधी तो घराच्या मधोमध छातीच्या उंचीला आणा, वायर पुरत नाही म्हणून नेटवाले जिथं भोक पडलं तिथंच खिळा मारतात, त्यांना चार मीटर जास्त वायर मागायला लाजू नका. वायफाय ॲनलायझर नावाची ॲप मिळतात, त्यात सिग्नलच्या ताकदीचा डीबीएम आकडा दिसतो, उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मुलगी जिथं बसते तिथं उणे ६७ पर्यंत असेल तर क्लास बिनधोक, उणे ७५ नंतर अडखळणार, उणे ८० ला नाव दिसेल पण काम नाही. टॅबला जाडजूड मेटलचं कव्हर असेल तर एकदा ते काढून आकडा बघा.

एक्स्टेंडर (वायफाय पुढं पोचवणारा डबा) घ्यायचा विचार असेल तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नका, तिथं त्यालाच रेंज नाही तर तो देणार काय, अर्ध्या वाटेवर लावा. त्यापेक्षा शंभर टक्के बरा उपाय म्हणजे लॅनची वायर ओढून दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमधे, म्हणजे पत्ते पहिलाच वाटणार, हा नुसतं वायफाय देणार. तो मोड नसेल तर दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करायचं आणि वायर त्याच्या लॅनच्या भोकात, नाहीतर घरात दोन वाढपी दोन पंगती मांडून बसतात आणि टॅब कधी या पंगतीत, कधी त्या.

स्पीडबद्दल एकच. दोनशेचा प्लॅन आणि टॅबवर चाळीसच येतात म्हणून भांडायला जाऊ नका. एक अँटेना असलेला बी/जी/एन टॅब साध्या २० मेगाहर्ट्झवर कागदावरच जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसला जोडतो, हातात तीस-पंचेचाळीस पडतात. क्लासला तेवढं पुरून उरतं.

नेटवर्क रिसेट ही गोळी सगळ्यात शेवटी. अँड्रॉइडवर सिस्टिममधे रिसेट ऑप्शन्स, सॅमसंगवर जनरल मॅनेजमेंटमधे, आयपॅडवर जनरलमधे ट्रान्सफर ऑर रिसेट. सगळे वायफाय पासवर्ड जातात, अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्या पण, फोटो वगैरे काही जात नाही. पण राउटरच्या मागचं टाचणीचं भोक, त्याला हात लावायचा नाही! त्यात नेटवाल्यानं भरलेला युजरनेम आणि बाकीचं सेटिंग उडतं आणि मग टॅबच काय, अख्ख्या घराचं नेट जातं, आणि रविवारी दुपारी तो नेटवाला फोन उचलत नाही.

टॅबच खराब आहे हे कधी मानायचं? हॉटस्पॉटवर पण चालत नाही, वायफायचं बटण दाबलं की आपोआप परत बंद होतं, किंवा अबाउटमधे मॅक ॲड्रेसच्या जागी ०२ आणि पुढं नुसती शून्यं दिसतात, म्हणजे आतली वायफायची चिप बोलतच नाहीये. किंवा राउटरपासून हातभर अंतरावरच नेटवर्क दिसतं आणि दोन पावलं मागं गेलं की गायब, तर अँटेनाची तार आतून सुटलीय, टॅब एकदा तरी पडलेला असतो, कुणी कबूल करत नाही. मग वॉरंटीचं बिल घेऊन दुकानात जा आणि हॉटस्पॉटवर पण चालत नाही हे त्याच्यासमोर करून दाखवा, त्याला टोलवायला जागा राहत नाही.

तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं एकच नाव दिलेले दोन बँड आणि थकलेला अडॅप्टर, असं दुहेरी प्रकरण असावं. पण बघितल्याशिवाय पैज लावत नाही. मोबाइल डेटा बंद करून फोन चालतो का, हॉटस्पॉटवर टॅब चालतो का, आणि राउटरजवळ उभं राहिल्यावर टॅबवर नेमकी काय अक्षरं येतात, एवढं तीन ओळीत लिहा, पुढचं सांगतो. फोटो टाकणार असाल तर टॅबच्या स्क्रीनचा टाका, राउटरच्या स्टिकरचा नको, त्यावर तुमचा पासवर्ड छापलेला असतो.